पागोळीची हद्द

पहिला जोराचा पाऊस पडून गेला की आजोबा काठी घेऊन घरामागच्या बोळात जायचे. आमच्या आणि शेजारच्या चाचांच्या घरात जेमतेम दीड हाताचं अंतर. कौलांवरून ओघळणाऱ्या पागोळ्यांनी तिथल्या मातीत खळग्यांची एक रांग पाडलेली असायची, दोरी धरून आखल्यासारखी सरळ. आजोबा काठीचं टोक त्या रांगेवर टेकवून मला सांगायचे, "ही आपली हद्द. कागद काय म्हणेल ते म्हणो. आपल्या छपराचं पाणी जिथे पडतं, तिथपर्यंत आपण."

आतून आजीचा आवाज यायचा, "तिथपर्यंत आपण, आणि तिथपर्यंत मोरी काढायचं कामही आपलंच! ज्याची पागोळी त्याची मोरी." आजी रावेरची. तिच्या खानदेशी बोलण्यात अशी वाक्यं मिरचीसारखी पेरलेली असत. आजोबा हद्द सांगायचे, आजी त्या हद्दीबरोबर येणारं काम सांगायची. आमच्या घरातलं सगळं राजकारण याच दोन वाक्यांत होतं, असं आता वाटतं.

परवा धाकट्या काकांच्या प्लॉटचे कागद बघताना हे आठवलं. पण काकांपर्यंत येण्याआधी बऱ्हाणपूर सांगायला हवं, आणि ते आजोबांनी सांगितलं तसंच.

*

आजोबांना गावाचा नकाशा तोंडपाठ होता, कारण तो नावांतच होता. इतवारा, बुधवारा, शनवारा म्हणजे बाजाराचे वार. लोहारमंडीत कोण राहायचं हे सांगायलाच नको. राजपुरा, सिंधीपुरा, शिकारपुरा: जो आला त्याने जागा मिळवली, आपली माणसं वसवली, की झाला पुरा. आज ज्याला झोन म्हणतात तो आमच्याकडे पत्त्यातच लिहिलेला असे. "अमक्या पुऱ्याचा" म्हटलं की माणूस काय काम करतो आणि त्याच्या घराचं जोतं किती उंच असेल, हे ऐकणाऱ्याला कळायचं.

गाव वसवलं फारुकी घराण्यातल्या नासीरखानाने, सन १४०० च्या सुमारास. नाव दिलं खुलताबादच्या संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं. तापीच्या पलीकडच्या काठावर झैनाबाद, तेही संत झैनुद्दीन यांच्या नावाने. नदीच्या दोन काठांवर दोन संत बसवून मग सुलतानांनी मध्ये कारभार केला, असं आजोबा सांगत. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि गाव मोगलांचं झालं. याच गावात १६३१ मध्ये मुमताजमहल वारली, तिचं पहिलं दफन झैनाबादेतल्या आहुखान्यात झालं. बाहेरून येणाऱ्याला बऱ्हाणपूर एवढंच माहीत असतं. फार तर मावा जिलेबी आणि दराबा.

पण त्या वैभवाच्या काळातही गाव सगळं काही दगडी नव्हतं. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये शहजादा परवेझला भेटायला इथे आला, तेव्हा त्याला शहजाद्याचा वाडा आणि सरदारांची दोन-चार घरं सोडली तर मातीच्या झोपड्याच दिसल्या. पुढे आलेल्या फ्रेंच प्रवासी तावर्निएलाही गवताने शाकारलेली घरं दिसली, आणि याच घरांतून निघणारं तलम कापड दूरदेशी जाताना दिसलं. माग मातीच्या घरात आणि कापड इराणात, ही आमच्या गावाची जुनी रीत.

शहराबाहेर बहादूरपुरा नावाचा श्रीमंत पुरा होता. १६८१ च्या जानेवारीअखेर संभाजी महाराजांच्या फौजा बऱ्हाणपुरावर आल्या, तेव्हा शहराचे दरवाजे लागले आणि बाहेरचे पुरे लुटले गेले. मराठी शाळेच्या पुस्तकात आम्ही हा धडा अभिमानाने वाचायचो. घरी आल्यावर आजोबा विचारायचे, "मग त्या दिवशी आपण कुठे होतो? घोड्यावर की बहादूरपुऱ्यात?" बऱ्हाणपूरच्या मराठी मुलाला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. आजोबांना मात्र त्या गोष्टीतून वेगळंच सांगायचं असे. "पैसा होता म्हणून ते बाहेर ऐसपैस राहिले. पण वेळ आली तेव्हा दरवाजाची किल्ली त्यांच्याकडे नव्हती. रेषा कोण आखतो ते महत्त्वाचं नाही पोरी. दरवाजा लागतो त्या रात्री तू रेषेच्या कुठल्या बाजूला आहेस, ते महत्त्वाचं."

१७३१ मध्ये निजामाच्या काळात विटांचा तट उभा राहिला. त्याने जेमतेम सव्वा चौरस मैल जागा आत घेतली. जुन्या वस्तीचे अवशेष मात्र सुमारे पाच चौरस मैलांत पसरलेले होते. म्हणजे तट बांधला तेव्हाच चार हिश्शांपैकी तीन हिस्से गाव बाहेर राहिलं होतं; ओसाड पडलेलं, पण गावच. मग १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर शहर पेशव्यांकडे आलं, १७७८ मध्ये शिंद्यांकडे गेलं, १८०३ मध्ये कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने घेतलं आणि १८६० मध्ये कायमचं इंग्रजांचं झालं. एवढ्या सगळ्या राज्यांच्या वाट्याला आजोबांच्या गोष्टीत एकच वाक्य यायचं, "मालक बदलले, मोऱ्या त्याच राहिल्या."

*

मोऱ्यांचं राज्य गल्लीचं होतं. आजोबांच्या तरुणपणी चाचांच्या वडिलांनी मागची भिंत उचलायला घेतली. भिंत खळग्यांच्या रांगेवर येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर गल्लीतली पाच-सात म्हातारी माणसं बसली. कोणीतरी काथ्याची दोरी आणली. वळचणीपासून ओळंबा सोडला. ओळंब्याचं टोक जमिनीला टेकलं तिथे कोळशाने खूण केली. भिंत एक हात मागे गेली आणि त्या बदल्यात आमच्या पणजोबांनी चाचांच्या वडिलांना माडीसाठी सागवानाच्या दोन तुळया दिल्या. ना अर्ज, ना नकाशा. त्या दोन तुळया मी पाहिल्या आहेत. एकीवर आमच्या सुताराची खूणही होती.

ही गोष्ट आजोबा फार रंगवून सांगत. आजी ती निमूट ऐकून घेई आणि मग म्हणे, "आता दुसरी सांगा." आजोबा पानाचा डबा उघडत. दुसरी गोष्ट आजीलाच सांगावी लागे.

गल्लीच्या टोकाला एक घर रिकामं पडलं होतं. एक विणकर कुटुंब ते घ्यायला आलं. रोख पैसे घेऊन आलं. पुन्हा तोच ओटा, तीच म्हातारी माणसं. मागाची खटखट रात्री झोपू देणार नाही, असं ठरलं. आजी म्हणायची, "लोहाराच्या ऐरणीशेजारी झोपणारी माणसं ही! यांना खटखट कसली ऐकू येते? ते कोण होते ते यांना ऐकू आलं." ते कुटुंब तटाबाहेर गेलं. तिथे त्यांनी पत्र्याची खोली बांधली, पुढे मोठं घर झालं, पुढे चार माग. "आणि तुझे आजोबा त्या दिवशी ओट्यावरच होते," हे शेवटचं वाक्य आजी कधी गाळत नसे.

मोठी झाल्यावर मला कळलं की या दोन्ही गोष्टी एकाच ओट्याच्या आहेत. ओळंबा सोडणारे आणि दार लावणारे हात तेच. गावाचा कारभार गावाने करावा असं कोणी तावातावाने म्हणू लागलं की मला आधी पहिली गोष्ट आठवते, आणि लगेच दुसरी.

*

१८६७ मध्ये बऱ्हाणपूरला म्युनिसिपालटी आली. जिल्हा निमाड, जिल्ह्याचं ठाणं खंडव्याला. १९०१ च्या शिरगणतीत गावात ३३,३४१ माणसं होती. रेल्वे गावाला टेकली नव्हती. स्टेशन दोन मैलांवर लालबागला. मग १९०६ मध्ये तिकडेच तापी मिल उभी राहिली आणि गाव तटातून बाहेर सांडत स्टेशनकडे सरकायला लागलं. ते सरकणं कुठल्या नकाशात आखलेलं नव्हतं. भोंगा वाजला की माणूस चालत पोहोचला पाहिजे, एवढाच त्याचा नियम. फाळणीनंतर सिंधी आले, सिंधी बस्ती वसली.

आजोबांच्या मते म्युनिसिपालटीचा मेंबर म्हणजे रस्त्यात अडवता येणारा माणूस. दिवा लागत नाही, गटार तुंबलं, अमक्याने पायरी रस्त्यात काढली, तर संध्याकाळी मेंबरला पानाच्या दुकानापाशी गाठायचं. तो खोटं बोलेल, पण तोंडावर बोलेल. त्याहून वरचं काम असेल तर कागद नागपूरला जायचा. हे आजच्या मुलांना खरं वाटत नाही, पण १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. मध्यप्रांत-वऱ्हाडात हिंदीबरोबर मराठीही सरकारी भाषा. नोव्हेंबर १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो आणि राजधानी भोपाळ झाली. आजोबा म्हणत, "एका रात्रीत आमचे अर्ज परक्या भाषेतले झाले."

आजीचं रावेर गाडीने तासाभराचं. तेच केळीचे मळे, तीच तापी, तेच भरताचं वांगं. पण तिच्या माहेरचं राज्य मुंबईचं, पुढे महाराष्ट्राचं. घरांच्या बाबतीत ही सरहद्द किती खोल जाते, हे मला वडिलांच्या आणि आजीच्या भावाच्या, म्हणजे त्यांच्या मामांच्या, गप्पांतून कळलं. मामा रावेरला नगरपालिकेचे सदस्य होते. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याप्रमाणे शहराचा विकास आराखडा तयार करायचं काम पालिकेचं. अखेरची मंजुरी सरकारची. मध्यप्रदेशात १९७३ चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम. इथे निवेश क्षेत्र जाहीर करतं राज्य सरकार, योजना तयार करतं राज्याचं संचालनालय, हरकती-सूचना ऐकल्यावर ती मंजूर करतं पुन्हा राज्य सरकार. सुनावणीच्या समितीत महापौर असतात, आमदार-खासदार असतात, आजूबाजूच्या गावांचे सरपंच असतात. पण पेन्सिल त्यांच्या हातात नसते.

रावेरचे मामा म्हणायचे, "आमचा आराखडा आमच्या टेबलावर जन्मतो, बारसं तेवढं मुंबईत." वडील म्हणायचे, "आमचं बाळंतपणही भोपाळला आणि बारसंही भोपाळला. आम्हाला बोलावतात ते पाळण्याची दोरी धरायला." आजोबांना तर खात्याच्या नावाचीच गंमत वाटे. 'निवेश' म्हणजे वसवणं, हा जुना संस्कृत अर्थ त्यांना माहीत होता. बाजारात मात्र निवेश म्हणजे पैसे गुंतवणं. "दोन्ही अर्थ खरे आहेत," ते म्हणत, "वसवायला निघालेले आणि गुंतवायला निघालेले एकाच दाराशी उभे असतात."

मामांचा तोराही पुढे उतरला. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखे काही भाग वगळून सगळ्या राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लावली. रावेरच्या बोळाला आणि पुण्याच्या रस्त्याला एकच पुस्तक. मामा तेव्हा हयात नव्हते. असते तर वडिलांनी त्यांना फोन करून पेढे मागितले असते.

*

ऐंशीच्या दशकाअखेरीस आमच्या घरावर माडी चढवायची ठरली. तोवर १९८४ चे भूमी विकास नियम आले होते. वडिलांनी ट्रेसिंग पेपरवर नकाशा काढून घेतला आणि तो एका कचेरीत दिला. तो परत आला. पुढे इतके फूट जागा सोडा, मागे इतके, बाजूला इतके. आमचं घर बारा फूट रुंद! दोन्ही भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. सांगितल्याप्रमाणे जागा सोडली असती तर मध्ये जिन्यापुरतं घर उरलं असतं. नकाशा तीनदा गेला, तीनदा लाल पेन्सिलीने रंगून आला. तिसऱ्या खेपेला आजोबांनी तो हातात घेऊन खिडकीपाशी धरला, खालीवर केला आणि विचारलं, "यात पागोळी कुठे आहे?"

त्या प्रश्नाला कोणी हसलं नाही. खरंच नव्हती ती. नियम उघड्या प्लॉटवरच्या एकट्या बंगल्याला समोर ठेवून लिहिलेले होते. त्याला चारी बाजूंनी हवा हवी, हे शहाणपणाचंच. पण भिंतीला भिंत लावून उभी असलेली गल्ली हवा मधल्या चौकातून घेते, ऊन माडीवरून घेते, आणि पाण्याचा हिशेब दीड हाताच्या बोळात ठेवते. हे भोपाळला कसं दिसावं? माडी शेवटी झाली. कशी झाली ते विचारू नये. गावात सगळ्यांच्या होतात तशी झाली.

मागांचंही तेच. योजनेच्या नकाशात राहण्याची जागा पिवळी, कारखान्याची जांभळी. बऱ्हाणपुरात पुढच्या खोलीत यंत्रमाग, मागच्या खोलीत चूल आणि मधल्या दारात पाळणा. हे घर कुठल्या रंगाने रंगवणार? पिवळं म्हटलं तर माग बेकायदा, जांभळं म्हटलं तर पाळणा. शाही किल्ल्यासारख्या केंद्राने संरक्षित केलेल्या वास्तूंच्या आसपास तर तिसराच मालक येतो. २०१० च्या कायद्यापासून तिथे १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय नाही. म्हणजे एका घराची वरची खोली दिल्लीच्या हातात, रंग भोपाळच्या हातात आणि गटार महापालिकेच्या हातात.

मग ७४ वी घटनादुरुस्ती आली. १ जून १९९३ पासून लागू. वडील मास्तर, वर्तमानपत्र पेन्सिलीने खुणा करत वाचायचे. बाराव्या अनुसूचीत पालिकांची कामं दिली आहेत, आणि त्यांत पहिलंच नाव नगररचनेचं, दुसरं जमिनीच्या वापराचं आणि बांधकामांच्या नियमनाचं. वडील आनंदाने आजोबांना वाचून दाखवू लागले. आजोबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "पुन्हा वाच. 'देईल' आहे का 'देऊ शकेल'?" वडिलांनी पाहिलं. देऊ शकेल, असंच होतं. राज्याचं विधिमंडळ पालिकांना हे अधिकार देऊ शकेल. त्या एका 'शकेल'मध्ये तीस वर्षांहून अधिक काळ गेला. मध्यप्रदेशात पालिकांच्या निवडणुका नव्या रीतीने सुरू झाल्या, वॉर्डांत बायका निवडून आल्या, महापौर थेट मतदारांनी निवडला जाऊ लागला. पण शहर कुठल्या दिशेला वाढेल, हे ठरवणारा कायदा १९७३ चाच राहिला.

*

आता काका. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी गावाबाहेर प्लॉट घेतला. कालपर्यंत तिथे केळी होती. घड उतरले, खोडं उपटली, मुरमाचे रस्ते पडले, चुन्याच्या रेघा पडल्या. कमान लागली. काकांनी विचारलं, टीएनसीपीची, म्हणजे त्या नगर तथा ग्राम निवेश खात्याची, मंजुरी आहे ना? उत्तर आलं, "प्रोसेसमध्ये आहे." डायव्हर्शन, म्हणजे शेतजमीन घरांसाठी वापरायची परवानगी? "होऊन जाईल." रजिस्ट्री मात्र त्याच आठवड्यात झाली. आमच्याकडे खसरा, नामांतरण, डायव्हर्शन. रावेरला सातबारा, फेरफार, एन.ए. शब्द वेगळे, घाम तोच. रावेरकडे अशा तुकड्यांना गुंठेवारी म्हणतात आणि त्या नियमित करायला महाराष्ट्राने २००१ मध्ये कायदा केला. आमच्याकडे म्हणतात अवैध कॉलनी. निदान रावेरच्या शब्दात जमिनीचं माप आहे. आमच्या शब्दात नुसता गुन्हा.

गुन्हा कोणाचा? शिक्षा मात्र काकांना झाली. रस्ता नाही, कारण कॉलनी हस्तांतरित नाही. नळ नाही, कारण रस्ता नाही. बांधकामाची परवानगी नाही, म्हणून बँकेचं कर्ज नाही. २०२३ च्या मे महिन्यात भोपाळहून घोषणा झाली की २०२२ अखेरपर्यंतच्या अवैध कॉलन्या वैध करणार. कॉलनीत फटाके वाजले. काकांनी पेढे वाटले, आणि चिखलातून चप्पल हातात धरून आम्हाला पेढे द्यायला आले.

याच सुमारास माझ्या भाच्याशी बोलणं झालं. तो कॅलिफोर्नियात असतो. तिकडे उलटं आहे. गावंच आपापले नियम करतात आणि त्या नियमांनी गावात नवं घर होऊ देत नाहीत. मोठे प्लॉट, एका प्लॉटवर एकच कुटुंब, वर मजला नको, सावली पडते. त्यामुळे भाडी इतकी वाढली की शेवटी २०२१ मध्ये राज्याने कायदा करून सांगितलं, एका कुटुंबासाठी राखलेल्या प्लॉटवर दोन घरं होऊ द्या, प्लॉट दोन भागांत तोडला तर चारपर्यंत. गावं चिडली; आमचा हक्क राज्याने काढून घेतला म्हणाली. भाचा विचारत होता, "मावशी, तू कोणाच्या बाजूने?" मला ओटा दिसला. रोख पैसे घेऊन आलेलं विणकर कुटुंब दिसलं. त्या दिवशी गल्लीच्या वर कोणीतरी असायला हवं होतं, असं मी त्याला म्हणाले. आणि फोन ठेवल्यावर आजोबांच्या हातातला तो लाल रेघांचा नकाशा आठवला.

*

मग एका रविवारी काकांना घेऊन कुंडी भंडाऱ्याला गेले. लोक खुनी भंडारा म्हणतात. आमच्या घरात कुंडीच. लोखंडी पाळण्यातून ऐंशीएक फूट खाली उतरायचं. वरचं ऊन नाण्याएवढं होत जातं. खाली गुडघाभर पाणी, गार, आणि दोन्ही बाजूंना चुनखडीने पांढऱ्या झालेल्या भिंती. हात लावला तर खरखरीत, मिठासारख्या. पुढे बोगदा, आणि बोगद्यात ठरावीक अंतरावर वरून पडणारे उजेडाचे खांब. एकेक खांब म्हणजे एकेक कुंडी. अशा शंभरावर कुंड्या एका ओळीत. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानान सुभेदार असताना तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने हे पाणी शोधलं. सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालून तापीकडे उतरतं. ते वाटेत धरायचं आणि उताराने गावात आणायचं. पंप नाही, रहाट नाही. असे आठ भंडारे होते. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही त्यांतली नावं. २०२४ मध्ये हा भंडारा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेला.

काका खाली उभं राहून वर बघत होते. म्हणाले, "हे तरी गल्लीने कुठे ठरवलं होतं? हुकूम वरूनच आला असेल."

खरंच होतं. सुभेदार दिल्ली-आग्र्याचा, कारागीर इराणचा. आमच्या गावाची सगळ्यात चांगली गोष्ट गावाबाहेरच्यांनी ठरवली. पण ठरवण्याआधी ते इथल्या डोंगराच्या उतारावर फिरले असणार; त्याशिवाय हे पाणी हाताला लागत नाही. आणि आज या पाण्याचा उगम ज्या उतारावर आहे, ती जमीन शहराची नाही, खेड्यांची आहे. तिथे केळीला बोअर, वीटभट्टी, उद्या एखादी कमान आणि चुन्याच्या रेघा. पाणी पिणाऱ्या वॉर्डाला त्या जमिनीवर बोलायचा हक्क नाही. त्या जमिनीच्या ग्रामपंचायतीला या बोगद्याशी देणंघेणं नाही. दोघांच्या वर, दोघांकडे एकदम बघू शकेल असं एकच टेबल आहे, आणि ते भोपाळला आहे. त्या टेबलावर उतार दिसतो. आमच्या बोळातले खळगे दिसत नाहीत. आमच्या ओट्यावरून खळगे दिसतात. उतार दिसत नाही.

*

यंदा काकांच्या कॉलनीत पहिला पाऊस झाला तेव्हा मी तिथेच होते. आता घरांना कौलं नाहीत, स्लॅब आहे. पागोळ्या नाहीत; प्रत्येक गच्चीतून एक प्लास्टिकचा पाइप बाहेर आलेला, आणि तो शेजाऱ्याच्या कंपाउंडकडे तोंड करून ओकत होता. दुपारपर्यंत चार घरांत भांडण. संध्याकाळी काकांच्या पोर्चमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. ओटा नव्हता, पण बसणारी माणसं तीच, म्हातारी. एक निवृत्त मिल कामगार, एक कापडवाले बोहरा, एक विणकर, एक आमचे काका. कोणी कोणाला या कॉलनीत येऊ नको म्हणालं नव्हतं; पैसे मोजले तो आला. ओट्याच्या दुसऱ्या गोष्टीवर या बेकायदा कॉलनीने नकळत मात केली होती.

काकांनी त्यांच्या आईचं, आमच्या आजीचं वाक्य सांगितलं. ज्याची पागोळी त्याची मोरी. ते सगळ्यांना पटलं. प्रत्येक घरामागे वर्गणी ठरली. दुसऱ्या दिवशी जेसीबी आला आणि घरांच्या पुढून एक सरळ चर निघाला. उतार बरोबर पडला की नाही हे बघायला विणकर चाचांनी बादलीभर पाणी ओतलं. पाणी धावलं. सगळे त्याच्या मागे चालत निघाले, मीही. शेवटचं घर आलं, कमान आली, चर संपला. पाणी कमानीखालून पलीकडच्या केळीच्या शेतात उतरलं.

शेतकरी बांधावरच उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे आता कुठे न्यायचं म्हणता?"

काकांनी चप्पल काढून हातात घेतली आणि चिखलातून बांधाकडे निघाले. बाकीचे त्यांच्या मागे. आज नाही तर उद्या सगळ्यांना मिळून एक अर्ज लिहावा लागणार होता, त्या शेतकऱ्याच्या सहीसकट. त्यात खळगेही यायला हवेत आणि उतारही. अर्जाची भाषा मला येते. तो लिहायचं काम मी अंगावर घेतलं.